लेझर घेण्याआधी रजिस्टर उघडा: छोट्या सर्जिकल हॉस्पिटलसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या सर्जन मंडळींकडून एकच फोन वारंवार येतो. "मशीन घेतलं, आता केसेस कशा वाढवू?" हा प्रश्न मशीन घेण्याआधी पडायला हवा होता. कॉन्फरन्सच्या स्टॉलवर डेमो बघायचा, चहा पिता पिता कोटेशन घ्यायचं, बँकेत अर्ज टाकायचा आणि पेशंट शेवटी मोजायचे, असा उलटा क्रम बहुतेकांचा असतो. माझाही होता. पहिलं मोठं मशीन मी तसंच घेतलं आणि दीड वर्ष त्याचे हप्ते हर्नियाच्या ऑपरेशनांतून फेडले.

हा लेख तालुक्याच्या किंवा मध्यम शहरातल्या, दहा-पंधरा खाटांच्या, स्वतःच्या जिवावर चाललेल्या हॉस्पिटलसाठी आहे. उदाहरण १४७० नॅनोमीटरच्या डायोड लेझरचं घेतो. मूळव्याध, भगंदर, पायलोनिडल सायनस (माकडहाडापाशी वाहणारी जखम) आणि पायाच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) यांसाठी सध्या सगळ्यात जास्त विकलं जाणारं मशीन तेच. तुम्ही डोळ्यांचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर असलात तरी क्रम हाच ठेवा, फक्त मशीनचं नाव बदला.

टप्पा १ : बारा महिन्यांचं रजिस्टर

डीलरला फोन करण्याआधी मागच्या पूर्ण वर्षाचं ओपीडी आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टर काढा. तीन महिन्यांचं चालणार नाही. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत कुणी स्वतःहून ऑपरेशनला तयार होत नाही. दिवाळी झाली, हातात पैसा आला की रांग लागते, आणि लग्नसराईत पुन्हा सगळे "नंतर बघू" म्हणतात. पेशंट हंगामी असतात, हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो.

गुदमार्गाच्या तक्रारीचे सगळे पेशंट एका वहीत उतरवा आणि मग चाळणी लावा.

१. फिशरचे (गुदद्वाराला चीर पडलेले) बाजूला काढा. ओपीडीत "डॉक्टर, मूळव्याध झालाय" म्हणणाऱ्यांत फिशरवाले भरपूर असतात. हे मशीन त्यांच्यासाठी नाही.

२. पहिल्या ग्रेडचे काढा (मूळव्याधीचे वाढत्या क्रमाने चार ग्रेड असतात). त्यांना पाणी, कोंड्याचं खाणं, इसबगोल आणि शौचाला बसून मोबाईल न बघणं एवढंच पुरतं.

३. रबर बँडने (मूळव्याधीच्या कोंबाच्या मुळाशी रबराचं कडं बसवून) बरे होणारे काढा. ही चाळणी मनाविरुद्ध जाते, पण लावाच. बँड स्वस्त आहे, ओपीडीत होतो आणि योग्य पेशंटमध्ये चांगला चालतो.

४. चौथ्या ग्रेडचे, बाहेर आलेले मोठे कोंब असलेले काढा. त्यांना बहुधा कापूनच काढावं लागतं.

उरले ते दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचे, औषधांनी न भागलेले. त्यांचे दोन गट करा: तुमच्याकडे ऑपरेशन झालेले आणि निघून गेलेले.

दुसऱ्या गटाला सिस्टरकडून फोन करवा. स्वतः करू नका, डॉक्टरला कुणी खरं सांगत नाही. "ताई, त्या वेळी दाखवून गेलात, पुढे काय केलंत?" इतकंच विचारायचं. उत्तरं ठरलेली असतात: भीती वाटली, पैसे नव्हते, वैद्यांचं औषध घेतलं, बरं वाटलं, पुण्याला जाऊन लेझर केलं. यातले फक्त शेवटचे तुमच्या मशीनमुळे परत येऊ शकतात. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते महागड्या ऑपरेशनला येणार नाहीत, हे उघड आहे. तरीही कोटेशन हातात आलं की आपण त्यांनाही मोजतो.

*तपासणी : वहीत दोन आकडे हवेत. (अ) जे तसेही तुमच्याकडेच ऑपरेशन करतात ते, दरमहा. (आ) केवळ लेझर नाही म्हणून गेलेले, दरमहा. हे लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.*

टप्पा २ : खरा हिशेब

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सावकाश जाऊ. खालचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

मशीन ९ लाखांचं, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ९ लाख ४५ हजार. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवर हा दर आहे. जुनं कोटेशन असेल तर नवं मागा.) आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे भरलेल्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही. तो कर म्हणजे मशीनची किंमतच समजा.

त्यातले ८ लाख कर्ज, ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता सुमारे १७,४००. घरचे १ लाख ४५ हजार साठ महिन्यांवर वाटले तर २,४००. देखभालीचा करार वर्षाला ५४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ५,३००. पाच-सात वर्षांनी हे मशीन जुनं होईल, तेव्हा पुढच्याची सोय म्हणून दरमहा ५,०००. बेरीज झाली ३०,१००. एकही केस झाली नाही तरी महिन्याला तीस हजार जाणार.

आता एका केसचं पाहू. लेझरचं पॅकेज ३८,०००. त्यातून फायबर (लेझर आत पोचवणारी, एकदाच वापरायची बारीक तार) ७,०००, भूलतज्ज्ञ ३,५००, ओटीचं सामान २,५००, खाट आणि इतर १,५०० वजा केले की उरतात २३,५००.

डीलर इथे थांबतो. तीस हजार भागिले साडेतेवीस हजार, "सर, महिन्याला दोन केसमध्ये मशीन फुकट!"

पण ज्या पेशंटचं तुम्ही तसंही ऑपरेशन केलं असतं, त्याच्या जुन्या पद्धतीच्या पॅकेजचं काय? समजा ते २५,००० आहे. फायबर नाही, बाकी खर्च तोच ७,५००. उरत होते १७,५००. म्हणजे या पेशंटमागे मशीनने आणलेली भर फक्त ६,०००. गट (अ) मधल्या पेशंटवरच भिस्त असेल तर दोन नव्हे, दर महिन्याला पाच लेझर केसेस लागतात, पावसाळ्यातही. पूर्ण २३,५०० धरता येतात ते फक्त गट (आ) साठी.

विम्याचा पेशंट आणखी वेगळा. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने बिलं बघणाऱ्या संस्थेने) लेझरच्या केसला २८ हजार मंजूर केले आणि साध्या शस्त्रक्रियेला २२ हजार, तर हातात अनुक्रमे १३,५०० आणि १४,५०० उरतात. लेझर केल्याबद्दल हजार रुपयांचा तोटा! कॅशलेस पेशंट जास्त असलेल्या हॉस्पिटलने हा कोष्टक आधी मांडायचा.

*सावधान : हिशेब बसत नसेल तर "त्याच मशीनवर व्हेरिकोज व्हेन्सही करू" असा विचार लगेच सुचतो. टप्पा ४ वाचल्याशिवाय ती भर धरू नका.*

टप्पा ३ : आधी दहा केसेस भाड्याने

डायोड लेझर केसमागे भाड्याने मिळतो. माणूस मशीन घेऊन येतो, केस झाली की घेऊन जातो. भाडं महाग वाटतं, आणि असतंही. तरीसुद्धा पहिल्या दहा केसेस भाड्याच्या मशीनवर करा. तीन महिन्यांत दहा केसेस जमल्या नाहीत, तर टप्पा १ मधला आकडा फुगवलेला होता. तेवढ्यावर थांबलात तर भाड्यात गेलेले पैसे फार स्वस्तात पडले म्हणा.

या काळात तीन गोष्टी टिपून ठेवा: ओटीत केसला लागलेला वेळ, पेशंट कितव्या दिवशी कामाला गेला, आणि दर ऐकल्यावर किती जण मागे फिरले. तिसरा आकडा रिसेप्शनवरच्या मुलीला विचारा.

तीन-चार सर्जन मिळून मशीन घेणं हाही मार्ग आहे, पण मैत्रीच्या भरवशावर नको. कुठल्या वारी कुणाकडे, गाडीतून नेताना बिघडलं तर खर्च कुणाचा, एकाने हॉस्पिटल बंद केलं तर त्याचा वाटा कुणी घ्यायचा, हे स्टॅम्पपेपरवर लिहा.

टप्पा ४ : कागद आणि खोली

मशीन येण्याआधीचं काम मशीन आल्यावर करायला गेलात की ते खोक्यात पडून राहतं आणि वॉरंटी मात्र चालू होते.

नर्सिंग होम नोंदणी चालू आहे का, तिच्यावरच्या खाटा आणि प्रत्यक्षातल्या खाटा जुळतात का, ते आधी पाहा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लागते. नवीन प्रोसिजर सुरू केली की दरपत्रकात तिची ओळ घाला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखालची परवानगी चालू हवी. वापरलेलं फायबर कुठल्या पिशवीत टाकायचं हे कचरा उचलणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या आणि ओटीच्या भिंतीवर चिकटवा.

लेझर आयनीकरण करणारा किरणोत्सर्ग देत नाही, त्यामुळे एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना लागत नाही. सी-आर्म किंवा एक्स-रे घेणार असाल तर लागतो, त्यांच्या ईलोरा पोर्टलवरून. दोन्हींची गल्लत करून "आमच्या मशीनला कसलंच लायसन्स लागत नाही" असं सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. परवाना विकणाऱ्यालाही लागतो. मेडिकल डिव्हाइसेस नियम २०१७ खाली आयात उपकरणाला एमडी-१५ हा आयात परवाना असतो, आणि विक्रेत्याकडे एमडी-४२ ही विक्रीची नोंदणी किंवा औषधविक्रीचा परवाना असतो. दोन्हींच्या प्रती मागा. "मेल करतो सर" म्हणून आठवडा गेला तर दुसरा विक्रेता बघा.

आता व्हेरिकोज व्हेन्स. शीर लेझरने बंद करायची तर आधी डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) शिरांचा नकाशा काढायचा, सुई सोनोग्राफीखाली घालायची, शिरेभोवती भुलीचं पाणी सोनोग्राफीखाली भरायचं आणि नंतरही तपासायचं. म्हणजे कलर डॉपलर ओटीत हवा. आणि डॉपलर म्हटला की पीसीपीएनडीटी कायदा १९९४, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा. तुम्ही फक्त पायाच्या शिरा बघणार आहात, गरोदर बाई दारातही येणार नाही, तरी नोंदणी चुकत नाही. नोंदणीशिवाय मशीन विकणं, घेणं आणि वापरणं, तिन्ही गुन्हे आहेत. शिवाय ते चालवणाऱ्याची पात्रता कायद्यात ठरलेली आहे, आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल पाठवायचा असतो. ओळखीच्या रेडिओलॉजिस्टला "तुझं पोर्टेबल गाडीत टाकून आण" असं चुकूनही म्हणू नका. एका जागेवर नोंदलेलं मशीन दुसरीकडे नेलं तर तोही अडकेल आणि तुम्हीही.

नोंदणी, डॉपलरची किंमत आणि रेडिओलॉजिस्टचा वेळ हे सगळं व्हेन्सच्या खात्यात टाकून टप्पा २ चा हिशेब वेगळा मांडा. पुष्कळदा तो बसत नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

खोलीचं काम थोडं आहे, पण टाळता येत नाही.

१. अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा. ऑनलाइन यूपीएस घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर लेझर चालवू नका.

२. चष्मे १४७० नॅनोमीटर असं छापलेलेच हवेत. दुसऱ्या लेझरचा चष्मा या लहरीला अडवत नाही. सर्जन, सिस्टर, भूलतज्ज्ञ, मामा (वॉर्डबॉय) आणि पेशंट, सगळ्यांना. ओटीत जितकी माणसं तितके चष्मे.

३. दाराबाहेर लेझर चालू असल्याची पाटी आणि आतून कडी.

४. स्पिरिटयुक्त द्रावणाने जागा पुसली असेल तर ती पूर्ण वाळू द्या. गुदमार्गात ओला गॉज ठेवा, कारण आतड्यातला वायू पेट घेऊ शकतो.

टप्पा ५ : कोटेशन वाचणं

कमीत कमी तीन कोटेशनं घ्या. मशीनच्या किमतीवर घासाघीस सगळेच करतात. विक्रेता ती हसत कमी करतो, कारण त्याची कमाई फायबरमध्ये असते.

मला हा धडा पैसे मोजून मिळाला. माझ्या मशीनमध्ये फक्त त्याच कंपनीचं चिप लावलेलं फायबर चालायचं. पहिल्या वर्षी दर ठीक होता, दुसऱ्या वर्षी वाढला, तिसऱ्या वर्षी "स्टॉक नाही सर, पुढच्या आठवड्यात" सुरू झालं. पेशंट टेबलावर येण्याच्या आदल्या रात्री फायबरसाठी दोनशे किलोमीटरवर माणूस पाठवला आहे.

म्हणून विचारा: जोडणी एसएमए-९०५ या सर्वसामान्य प्रकारची आहे का? दुसऱ्या कंपनीचं फायबर चालतं का? चालत नसेल तर तीन वर्षांचा फायबरचा दर करारात लिहून द्याल का?

करारात या गोष्टी शब्दांत हव्यात:

– वॉरंटी बिलाच्या तारखेपासून नाही, तर मशीन बसवून चालू केल्याच्या तारखेपासून.
– देखभाल करारात डायोड मोड्यूल (लेझर तयार करणारा भाग) येतं का. "सर्वसमावेशक" शब्दावर जाऊ नका, यादी मागा. सगळ्यात महाग भाग तोच आणि नेमका तोच वगळलेला असतो.
– तक्रारीनंतर किती तासांत इंजिनिअर येईल, आणि नाही जमलं तर बदली मशीन कोण पाठवेल.
– मशीनचा सीरियल नंबर. डेमोला फिरवलेलं मशीन नवं म्हणून येतं. बसवताना स्क्रीनवरचे वापराचे तास बघा.

*तपासणी : त्याच कंपनीचं मशीन तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या दोन डॉक्टरांना फोन करा. नावं विक्रेत्याकडून घेऊ नका. विचारायचं एकच: "बंद पडलं तेव्हा काय झालं?"*

टप्पा ६ : पैसे

कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टमधून मशीन घेऊ नका. ते पैसे औषधं, पगार आणि टीपीएकडे अडकलेल्या बिलांसाठी असतात. मशीनसाठी वेगळं मुदत कर्ज घ्या, आणि मुदत मशीनच्या उपयोगी आयुष्यापेक्षा कमी ठेवा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) असेल तर तारणाशिवाय, सरकारी हमी योजनेतून कर्ज मिळू शकतं. बँक मॅनेजर स्वतःहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. विक्रेत्याच्या "शून्य टक्के" योजनेत व्याज किमतीत मिसळलेलं असतं. रोख किंमत वेगळी मागितली की ते दिसतं.

रोखीने पैसे देऊ नका. एका दिवसात दहा हजारांवरची रोख रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे तेवढ्यावर घसारा (मशीन जुनं होण्यापोटी मिळणारी करवजावट) गेला.

घसाऱ्याचं तीन ओळींत: साध्या यंत्रांना १५ टक्के दर आहे, जीवरक्षक उपकरणांच्या यादीला ४० टक्के, आणि त्या यादीत सर्जिकल लेझर आणि कलर डॉपलर दोन्ही आहेत. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच घसारा मिळतो. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर मशीन सुरू झालं तर त्या वर्षी निम्मा. आणि तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, ज्याला आपण ४४एडीए म्हणतो, निम्मी जमा नफा म्हणून दाखवत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही. "टॅक्समध्ये वाचतील" या भरवशावर मशीन घेणारे निम्मे जण याच योजनेत असतात! सीएकडे मशीन घेण्याआधी जा. मार्चमध्ये गेलात तर तो फक्त मान हलवेल.

टप्पा ७ : पहिल्या वीस केसेस

कंपनीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण म्हणजे बटणांची ओळख. नियमित करणाऱ्या सर्जनकडे जाऊन केसेस बघा, मग त्याला आपल्या ओटीत बोलावून त्याच्यासमोर करा. त्याची फी मशीनच्या खर्चात आधीच धरा.

पहिल्या वीसमध्ये फक्त दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडची साधी मूळव्याध घ्या. भगंदर नको. त्याला आधी एमआरआय लागतो, मार्ग नीट कळावा लागतो, आणि तो परत होतो. सुरुवातीलाच दोन भगंदर परत आले की गावात "लेझर चालत नाही" अशी बोलवा होते.

ऑपरेशनआधी रक्त जाण्याचं कारण शोधलं आहे का, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. वय जास्त, वजन कमी झालेलं, शौचाची सवय बदललेली, तर आधी कोलोनोस्कोपी. वर कॅन्सर राहिला आणि खाली लेझर झाला, तर ती चूक कुठलंही मशीन भरून काढत नाही.

वॉट आणि जूल तुम्ही ठरवायचे, कंपनीच्या मुलाने नाही. तो ओटीत उभा राहून "सर, अजून थोडं द्या" म्हणतो. त्याला बाहेर बसवा. ऑपरेशनच्या नोंदीत प्रत्येक कोंबाला दिलेली ऊर्जा आणि फायबरचा बॅच नंबर लिहा.

*सावधान : एकदाच वापरायचं फायबर धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरू नका. टोक आत तुटू शकतं. हिशेब फायबर पुन्हा वापरल्याशिवाय बसत नसेल तर तो हिशेबच बसत नाही.*

संमतिपत्र मराठीत, आणि याच प्रोसिजरचं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. म्हणून "गरज पडल्यास उघडी शस्त्रक्रिया" हे आधीच, समजावून, लिहून घ्या. पर्याय, पुन्हा होण्याची शक्यता आणि लेझर न केल्यास काय, तेही लिहा. व्यावसायिक विम्याच्या कंपनीला नवीन प्रोसिजर कळवून पोचपावती ठेवा.

टप्पा ८ : दर, विमा आणि गावाला सांगणं

दर एकच ठेवा आणि दरपत्रकावर लावा. गाडी बघून दर सांगायची सवय असेल तर ती इथे सोडा, पेशंट वेटिंगमध्ये एकमेकांना दर विचारतात.

विम्याबद्दल मोठा गैरसमज असा की लेझर म्हटलं की "आधुनिक उपचार", आणि तो विम्यात आहेच. विमा नियामक आयआरडीएआयच्या आधुनिक उपचारांच्या यादीत बारा नावं आहेत. त्यात प्रोस्टेटसाठी ग्रीन किंवा होल्मियम लेझर आहे, नाकाच्या सायनसचं बलून आहे, रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. मूळव्याधीचा लेझर नाही. तुमची केस बहुधा मूळव्याधीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या दराने मोजली जाईल. प्रत्येक टीपीएला आधी लेखी विचारा आणि उत्तर रिसेप्शनच्या फाईलमध्ये ठेवा. महात्मा फुले योजनेत असाल तर पॅकेज ठरलेलं आहे, फायबरचे पैसे पेशंटकडून वेगळे मागता येत नाहीत.

जाहिरातीचं बंधन २००२ च्या आचारसंहितेचं आहे. दवाखाना सुरू केल्याची, कामाचं स्वरूप बदलल्याची, पत्ता बदलल्याची, दरांची माहिती देता येते. "विनाटाका, विनावेदना, शंभर टक्के खात्री" हा फ्लेक्स बसत नाही, आणि ग्राहक आयोगात तोच फ्लेक्स तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. पेशंट पाठवणाऱ्याला टक्केवारी देणंही याच आचारसंहितेत निषिद्ध आहे. कट देऊन आणलेल्या केसमध्ये सहा हजारांची भर कुठे उरते, ते टप्पा २ मध्ये घालून बघा.

मग लोकांना कळणार कसं? आजूबाजूच्या जीपींना (फॅमिली डॉक्टरांना) चहाला बोलवा आणि कुणाला पाठवू नये ते सांगा. पहिला ग्रेड तुमच्याकडेच ठेवा, फिशरला हे मलम द्या, चौथ्या ग्रेडला लेझरचं आश्वासन देऊ नका. ज्याने आपला पेशंट न कापता परत पाठवला, त्याच्याकडे जीपी पुढचा पेशंट निर्धास्त पाठवतो. माझ्याकडे गट (आ) जो थोडाफार वाढला, तो असाच.

शहरातल्या जाहिरातबाज कंपन्या छोट्या हॉस्पिटलची ओटी भाड्याने घेऊन स्वतःचे पेशंट आणतात. ओटी रिकामी असते म्हणून मोह होतो. करार करण्याआधी पाहा: संमतिपत्रावर नाव कुणाचं, रात्री रक्तस्राव झाला तर फोन कुणाला, आणि पेशंटने तक्रार केली तर पत्ता कुणाचा. तिन्हींचं उत्तर बहुधा तुम्हीच असता.

टप्पा ९ : दर महिन्याच्या पाच तारखेला

एक पान पुरतं. लेझर केसेस किती, त्यात (अ) किती आणि (आ) किती, प्रत्येकीमागे खरी भर किती, मशीन किती दिवस बंद होतं, टीपीएकडे किती अडकले. दुसरं पान पेशंटचं: सातव्या दिवशी, सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने फोन. पुन्हा रक्त, पुन्हा कोंब, पुन्हा ऑपरेशन. हे पान भरणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले, पण "तुमच्याकडे परत होण्याचं प्रमाण किती?" असं पेशंटने विचारल्यावर आपला आकडा फक्त तेच सांगू शकतात.

रबर बँडची संख्याही त्याच पानावर लिहा. मशीन आल्यावर बँड अचानक कमी झाले असतील, तर गावातली मूळव्याध बदललेली नाही, तुमचं तपासणारं बोट बदललं आहे. हप्ता डोक्यावर असला की दुसरा ग्रेड तिसरा वाटायला लागतो. हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाही, माझ्याच वहीत पाहिलं आहे.

थांबण्याची रेषा मशीन घेण्याच्या दिवशीच लिहा. माझी अशी: सलग सहा महिने भर तीस हजारांच्या आत राहिली तर मशीन विकायचं आणि लागेल तेव्हा भाड्याने आणायचं. दुसऱ्या वर्षी विकलेल्या मशीनला बरा भाव येतो, चौथ्या वर्षी विक्रेताच "एक्स्चेंजमध्ये बघू" म्हणतो.

विकताना लागणारे कागद पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये ठेवा: मूळ बिल, बसवल्याचा दाखला, देखभालीच्या पावत्या, सीरियल नंबर. कर्ज शिल्लक असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचं पत्र घेतल्याशिवाय मशीन दाराबाहेर काढू नका, आणि उपकरण विम्यातून त्याचं नाव कमी करा. सोबत डॉपलर घेतला असेल तर तो वेगळा विषय आहे: घेणाऱ्याची पीसीपीएनडीटी नोंदणी डोळ्यांनी बघा, प्रत ठेवा, समुचित प्राधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि पोच मिळाल्यावरच त्याची गाडी भरा.